बाजारात या, पण गाडी बाहेर लावून या



दिवाळीची खरेदी तोंडावर आली आहे. नगरच्या कापड बाजारात पुन्हा तेच सुरू होईल. तेलीखुंटाकडून आत शिरलेली मोटार, समोरून आलेली रिक्षा, मध्येच माल उतरवणारा टेम्पो आणि या सगळ्यांच्या फटीतून लेकराचा हात धरून अंग चोरत निघालेली बाई. मग आपण सगळे मिळून पथारीवाल्यांच्या नावाने बोटं मोडू. दरवर्षी मोडतो.

पण जरा सकाळी, दुकानांची शटर वर जायच्या वेळी या रस्त्याने चालून बघा. पथाऱ्या अंथरल्या जाण्याआधीच दोन्ही बाजूंना दुचाकी लागायला लागतात. त्यातल्या बऱ्याच गिऱ्हाइकांच्या नसतात, दुकानदारांच्या आणि कामगारांच्या असतात, आणि रात्रीपर्यंत जागच्या हलत नाहीत. आपल्याच दुकानाचं तोंड आपणच बुजवायचं आणि मंदी आली म्हणायचं, याला काय म्हणावं?

पाथर्डी, शेवगाव, जामखेड किंवा बीडच्या आष्टीहून लग्नाचा बस्ता बांधायला येणारं कुटुंब माळीवाडा स्टँडवर उतरतं आणि पिशव्या सांभाळत चालत बाजारात येतं. शहरातल्याच सावेडीचा माणूस मात्र दोन ब्लाउजपीससाठी गाडी थेट दुकानाच्या पायरीला लावतो. हा बाजार वेशीच्या आतल्या, पायी आणि बैलगाडीने फिरणाऱ्या गावाचा आहे. १४९० साली वसलेल्या शहराच्या पोटातल्या गल्ल्या मोटारींच्या मापाने आखलेल्या नाहीत, आणि त्या रुंद करायच्या तर जुने वाडे पाडावे लागतील. ते कुणालाच नको आहे. गणपती विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्याने चितळे रोडकडे जाते. त्या दिवशी गाड्या नसतात, तेव्हा हाच रस्ता केवढा मोठा वाटतो!

म्हणून विनंती आहे. ग्राहकांनी कापड बाजार, मोची गल्ली, घास गल्ली आणि सराफ बाजारात गाडी आणू नये. म्हातारी माणसं, अपंग आणि आजारी यांना रिक्षाने आत सोडावं, रिक्षाने लगेच बाहेर पडावं. दुकानदारांनी आपली आणि कामगारांची वाहनं बाजाराबाहेर लावावीत. ही सुरुवात त्यांनीच करायला हवी, कारण त्यांनी केल्याशिवाय गिऱ्हाईक ऐकणार नाही. मालाचे टेम्पो सकाळी दहाच्या आत रिकामे व्हावेत. पुतळे, स्टँड आणि सेलचे फलक ओट्याच्या खाली उतरू नयेत.

पथारीवाल्यांनाही सांगणं आहे. तुमचं पोट या रस्त्यावर आहे, हे आम्ही मानतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा सर्वेक्षण होऊन नोंदणी मिळेपर्यंत तुम्हाला संरक्षण देतो. पण अग्निशमन बंब आत शिरेल एवढी वाट तुम्ही सोडलीच पाहिजे. लाकडी माड्यांच्या या वस्तीत आग लागली तर ती दुकान कुणाचं आणि हातगाडी कुणाची, ते विचारणार नाही.

महापालिकेकडेही आमचं मागणं आहे. त्याच कायद्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण, त्यांच्या प्रतिनिधींसह नेमलेली समिती आणि ठरवून दिलेल्या जागा ही पालिकेची जबाबदारी आहे. सणाच्या तोंडावर कारवाई करायची आणि आठवड्याने सगळं पूर्ववत होऊ द्यायचं, हा खेळ आता पुरे. आणि लोकांना गाडी बाहेर लावा म्हणायचं, तर लावायला जागाही दाखवावी लागेल. तिचे फलक दिल्लीगेट आणि माळीवाड्याकडून येतानाच दिसले पाहिजेत.

सरकारी कागदावर शहराचं नाव २०२४ मध्ये बदललं, बाजारातल्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या. या दिवाळीपूर्वीच्या रविवारी आपल्या गल्लीतली चार घरं किंवा चार दुकानं एकत्र बसवा आणि गाड्या कुठे लावायच्या, ते आपसात ठरवून टाका.

आपले,
कापड बाजार परिसरातील रहिवासी आणि ग्राहक