संमतिपत्राची दुसरी बाजू



परवा गुरुवारी, २० जानेवारी २०२२ ला, शिक्षणमंत्री वर्षाताई गायकवाड यांनी सांगितले की सोमवार २४ तारखेपासून राज्यातल्या शाळा पुन्हा उघडता येतील. आपापल्या भागाची परिस्थिती बघून स्थानिक प्रशासनाने ठरवायचे, आणि पालक लेखी संमती देतील त्याच मुलाने यायचे. रात्री दहापर्यंत नातवाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज झाले होते. काल सूनबाईने संमतिपत्राची प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, वर पेन ठेवले, आणि काही न बोलता ती भाजी निवडायला बसली. आज शनिवार आहे. कागद अजून तसाच आहे.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी असाच एक कागद पडलेला असणार, म्हणून आज सामायिक झाल्यावर लिहायला बसले आहे.

आमचा नातू चौथीत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा तो दुसरीत होता. मधल्या काळात मोठ्यांचे वर्ग कधी उघडले, कधी मिटले. गेल्या ४ ऑक्टोबरला शहरात आठवी ते बारावीच्या शाळा सुरू झाल्या, लहानांची पाळी डिसेंबरात आली. नवा गणवेश शिवला, कारण जुना ढोपराच्या वर गेला होता. तो गणवेश जेमतेम दोनदा धुतला असेल, तेवढ्यात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळेला पुन्हा कुलूप लागले.

पालकांची काळजी खोटी आहे असे मी अजिबात म्हणणार नाही. राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण सापडला तो डोंबिवलीत, आपल्यापासून किती लांब? डिसेंबरच्या मध्यात तर आपल्या घणसोलीतल्या एका शाळेत सोळा मुले पॉझिटिव्ह निघाली, नंतर आकडा १८ वर गेला. एका विद्यार्थ्याच्या घरी परदेशातून माणूस आले होते, आणि महापालिकेला शेकडो मुलांची तपासणी करावी लागली. १५ ते १८ वर्षांच्या मुलांना ३ जानेवारीपासून लस मिळू लागली, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलांना अजून काहीच नाही. अशा वेळी आईचा हात पेनाकडे जात नसेल, तर तिला भित्री म्हणू नये.

पण काल रात्री मी सूनबाईला नीट विचारले, "तुला नक्की कशाची भीती वाटते?" ती म्हणाली, "मम्मी, त्याला होईल याची नाही हो एवढी. लहान मुलांना दोन दिवस ताप येतो आणि जातो असेच बघतेय. पण तो घरी घेऊन येईल. पप्पांना शुगर आहे, तुमचा दमा आहे."

मला रात्रभर झोप लागली नाही. मी समजत होते की नातू त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी घरी बसलाय. तो तर आमच्यासाठी बसला होता. आमच्या दोघांच्या तब्येतीचा खर्च त्या पोराच्या दोन वर्षांतून वळता होत होता, आणि हिशेब ठेवणाऱ्या मला त्याचा पत्ताच नव्हता.

दुसरी एक मुलगी आहे. माझ्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंची लेक, तुर्भ्याला राहते, महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे. घरात फोन एक, तो बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला परत येतो. दिवाळीनंतर ती आईबरोबर आली होती, तेव्हा मी सहज दुधाचा हिशेब करायला सांगितला. साडेतीन लिटर, लिटरला ५६ रुपये. तिने वहीत आकडे मांडले आणि पेन्सिल तोंडात धरून बसून राहिली. ही मुलगी पाचवीपर्यंत वर्गात दुसरी-तिसरी यायची. आमच्या नातवाकडे टॅब आहे, वायफाय आहे, बाजूला बसणारी आई आहे. तिच्याकडे फक्त शाळा होती.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांची दुसरी ते सहावीची सोळा हजारांवर मुले तपासली. ९२ टक्के मुले भाषेतले पूर्वी येणारे किमान एक कौशल्य विसरली होती, ८२ टक्के गणितातले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण तुर्भ्याची मुलगी बघितल्यावर मला वेगळ्या पुराव्याची गरज वाटत नाही. कोणी मनापासून काही केले नाही असेही नाही. सोलापूरच्या नीलमनगरात यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे. तिथल्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, मुले अंतर ठेवून उघड्यावर शिकली. पण असे शिक्षक सगळीकडे नाहीत आणि भिंत ही काही शाळा नव्हे.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. शाळा उघडली तर मुलांना पाठवावे. लग्नाचे हॉल, मॉल, हॉटेले सगळे कमी-जास्त चालू असताना शाळाच तेवढी धोक्याची, हा न्याय मला पटत नाही. १९१८ च्या साथीत न्यूयॉर्क शहराने शाळा चालू ठेवल्या होत्या. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचे म्हणणे होते की गरिबांची मुले दाटीच्या खोल्यांपेक्षा हवेशीर शाळेत, नर्सच्या नजरेखाली जास्त सुरक्षित आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या मुलांना ते आजही लागू पडते.

पण पाठवायचे म्हणजे डोळे मिटून पाठवायचे नाही. यासाठी आपल्या धर्मात एक शब्द आहे, जयणा. चालताना, बोलताना, पाणी गाळताना, दिवा लावताना जीव जपण्याची सावधगिरी. लक्षात घ्या, जयणा म्हणजे भीती नव्हे. भीती म्हणते, करूच नको. जयणा म्हणते, कर, पण बघून कर. आपण पाण्यात जीव आहेत म्हणून पाणी पिणे सोडले नाही. गाळून, उकळून प्यायला शिकलो.

आणि आपल्याला हेही शिकवले आहे की नुसती द्रव्यक्रिया पुरत नाही, तिच्यात भाव लागतो. कटासणावर ४८ मिनिटे बसले आणि मनात भिशीचा हिशेब चालू असला तर ते सामायिक नव्हे. शाळांचेही तसेच आहे. डिसेंबरात मी नातवाला सोडायला गेले होते. गेटवर कपाळाला पिस्तुलासारखे यंत्र लावून ताप बघत होते, हातावर सॅनिटायझर टाकत होते, जमिनीवर पिवळे गोल काढले होते. बघून बरे वाटले. मग वर गेले तर वर्गाच्या काचा बंद आणि एसी चालू! आजार हवेतून पसरतो हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. गेटवरची सगळी क्रिया झाली, पण भाव काचेच्या बाहेरच राहिला. ज्या एसी वर्गांसाठी आपण जास्तीची फी मोजली, त्यापेक्षा दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली महापालिकेची जुनी शाळा आज जास्त चांगली, हे कबूल करायला जड जाते, पण खरे आहे.

आता त्या कागदाबद्दल. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, पण एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. नावे आहे तर जमा असलेच पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. हे संमतिपत्र मी चष्मा लावून दोनदा वाचले. मूल आजारी नाही याची हमी पालकांची. मास्क, बाटली, डबा पालकांचा. काही झाल्यास जबाबदारी पालकांची. खाली सही पालकांची. दुसऱ्या बाजूला काहीच नाही! हा कुठला हिशेब? अशा कागदावर आईला सही करायला लावायची आणि तिचा हात थरथरला की म्हणायचे, पालक सहकार्य करत नाहीत.

माझी सूचना अशी आहे. भांडण करू नये, ग्रुपवर टोमणे मारू नयेत. चार-पाच जणींनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे आणि नम्रपणे सांगावे की कागदाची दुसरी बाजू तुम्ही लिहा. वर्गाच्या खिडक्या उघड्या राहतील. शिक्षक, शिपाई, व्हॅनचे ड्रायव्हर यांचे दोन्ही डोस झालेले असतील. डबा एकाच वेळी सगळ्यांनी बंद खोलीत खायचा नाही, मैदानात किंवा गच्चीवर खायचा. व्हॅनमध्ये चौदा मुले कोंबणार नाही. वर्गात कोणी पॉझिटिव्ह निघाले तर नाव न सांगता त्याच दिवशी सगळ्या पालकांना कळवू. आणि घरी राहणाऱ्या मुलाची हजेरी बुडाली म्हणून त्याला शिक्षा होणार नाही. एवढ्या ओळी लिहून खाली शाळेने सही करावी. यात खर्च फारसा नाही. मग आमची सही आनंदाने.

आता आपल्या बाजूची नोंद. ती लिहिताना मला आधी स्वतःचे सांगावे लागेल. नोव्हेंबरात पुतणीचा साखरपुडा होता. माझा घसा दोन दिवस खवखवत होता. मला माहीत होते की बोलले तर घरी बसावे लागेल. मी आले-गवती चहा घेतला, वेलदोडा तोंडात ठेवला आणि गेले. दीडशे माणसांत, ज्येष्ठांच्या पाया पडत फिरले. कोणाला काही झाले नाही. पण ते माझे नशीब होते, माझी काळजी नव्हे. आपल्याकडे याला माया म्हणतात, चार कषायांपैकी एक. प्रतिक्रमणात मी त्याचा मिच्छामि दुक्कडम् म्हटला, पण ज्यांच्या पाया पडले त्यांना सांगायचे धाडस अजून झालेले नाही. आज इथे लिहिते आहे.

हे सांगितले कारण उद्या आपल्यापैकीच कोणीतरी सकाळी मुलाचे अंग गरम लागले तर तापाची गोळी देऊन त्याला शाळेत पाठवेल. युनिट टेस्ट आहे, हजेरी बुडेल, मला ऑफिस आहे, कारणे सगळी खरी असतील. पण गेटवरचे यंत्र त्या गोळीला फसते. शाळेतली सगळी सुरक्षा आपल्या खरेपणावर उभी आहे. मूल आजारी असेल तर घरी ठेवायचे आणि का ठेवले ते खरे सांगायचे. आणि कोणी खरे सांगितले तर त्या घराला वाळीत टाकल्यासारखे वागायचे नाही. २०२० मध्ये आपल्या सोसायट्यांत पॉझिटिव्ह घरांशी कसे वागलो ते आठवा. लोक उगाच लपवत नाहीत, आपण त्यांना लपवायला शिकवले.

मास्कची तक्रारही फार ऐकते. मुले गुदमरतात, चेहरा दिसत नाही. नगरला माझ्या माहेरी स्थानकात मी लहानपणापासून महासतीजींना मुहपत्तीत बघितले. त्या तशाच प्रवचन देत, तशाच हसत, आणि त्या हसल्या की आम्हा मुलांना डोळ्यांवरून कळायचे. मुहपत्ती स्वतःला वाचवायला नसते. आपल्या तोंडच्या उष्ण वाऱ्याने हवेतल्या जीवांना इजा होऊ नये म्हणून असते. मी नातवाला तेच सांगितले आहे, "तुला होईल म्हणून घालू नकोस, तुझ्यामुळे कोणाला होऊ नये म्हणून घाल." हे कारण त्याला पहिल्यापेक्षा लवकर कळले.

राहिलो आम्ही म्हातारे. यांचा दुसरा डोस गेल्या एप्रिलच्या सुरुवातीचा, त्यामुळे साठीवरच्या आजारी लोकांसाठी १० जानेवारीपासून सुरू झालेल्या प्रिकॉशन डोसला ते आता पात्र आहेत. "बघू, बघू" म्हणत होते, सोमवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे. शाळा सुरू झाली की पहिले काही आठवडे आम्ही दोघे मागच्या खोलीत जेवू. नातू शाळेतून आला की आंघोळ करून, खिडकी उघडी ठेवून दादीजवळ बसेल. एवढे आम्हाला जमेल. आयुष्यभर चौविहार केला, थोडी सोय सोडणे आमच्यासाठी नवीन नाही. त्याने वर्ष सोडण्यापेक्षा आम्ही जेवणाचे टेबल सोडलेले बरे.

सकाळी हे सगळे सूनबाईला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने कागद घेतला, मागची कोरी बाजू वर केली आणि म्हणाली, "मम्मी, त्या खिडक्यांचे पहिले लिहू ना?" तिने सहा मुद्दे लिहिले. पुढच्या बाजूला सही केली. सोमवारी ती आणि तिच्या तीन मैत्रिणी तो कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जाणार आहेत.

तुर्भ्याच्या मुलीच्या आईकडे मात्र अजून कोणताच कागद आलेला नाही. तो आला की मी तिला वाचून दाखवणार आहे, दोन्ही बाजू.