शेजारच्या काकूंच्या साक्षीवर नोकरी

माझी पदवी खरी आहे. पगाराच्या स्लिपा खऱ्या आहेत, प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यात एकही महिना लपवलेला नाही, कोर्टात माझ्या नावावर कुठलाही खटला नाही. तरीही एका वित्तसंस्थेनं घसघशीत पगार देऊ केला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ऑफर लेटरच्या तळाशी ओळ होती: नेमणूक पार्श्वभूमी तपासणीच्या अधीन राहील. माझ्या पार्श्वभूमीत एक माणूस आहे. कोथरूडच्या एका सोसायटीत आम्ही दोघं बऱ्याच वर्षांपासून एकत्र राहतो. समोरच्या काकूंनी आम्हाला परस्पर मावसभाऊ ठरवून टाकलंय, आणि आम्ही ते नातं कधी नाकारलेलं नाही. काकू समाधानी, आम्ही निवांत. या व्यवस्थेचा आजवर कुणालाही त्रास झालेला नाही.

आता ही तपासणी चालते कशी ते पाहा. कंपनी स्वतः काही करत नाही. ती एजन्सीला ठेका देते आणि एजन्सी पत्ता तपासायला कुणा पोराला पाठवते. त्याला दिवसभरात अशी बरीच घरं उरकायची असतात. तो दाराचा फोटो काढतो, पाटीचा काढतो, जो दार उघडेल त्याची सही घेतो आणि एक रकाना भरतो: माहिती देणाऱ्याचं उमेदवाराशी नातं. आई, वडील, पत्नी, भाऊ, घरमालक, शेजारी, वॉचमन. होय, वॉचमनसुद्धा चालतो. त्याला माझं आडनाव धड सांगता येत नाही, मी त्याच्या लेखी एक फ्लॅट नंबर आहे, पण त्याची साक्ष कंपनीला मान्य. ज्याच्याबरोबर मी घराचं कर्ज, दुखणीखुपणी आणि दोघांच्या आयांची पथ्यपाणी वाटून घेतली, त्याच्यासाठी रकाना नाही. शेवटी अहवालाला रंग लागतो: हिरवा, पिवळा नाहीतर लाल. पिवळा म्हणजे काहीतरी जुळत नाही. काय जुळत नाही, हे उमेदवाराला क्वचितच कळतं.

तपासणीच नको, असं मी म्हणत नाही. लोकांच्या पैशाशी ज्याचा संबंध येणार, त्याची पदवी बोगस आहे का, मागच्या ठिकाणी त्यानं अफरातफर केली का, हे विचारा. दोनदा विचारा. पण जे विचारायचं ते आपल्या यंत्रणेला धड विचारता येत नाही, आणि जे विचारायचं नाही त्यात तिचं नाक खुपसलेलं. पूजा खेडकर प्रकरण आठवा: ओळख बदलून ठरल्यापेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याचा आरोप. यूपीएससीनं ३१ जुलै २०२४ रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली, पण तोवर त्या प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून पुण्यात रुजूही झाल्या होत्या. (आरोप त्यांना मान्य नाहीत, न्यायालयात व्हायचं ते होईल.) आयोगाचं स्पष्टीकरण मात्र वाचण्यासारखं होतं. खेडकर यांनी स्वतःचंच नव्हे तर आईवडिलांचंही नाव बदललं, म्हणून परीक्षा किती वेळा दिली ते आम्हाला कळलं नाही. शिवाय हजारो प्रमाणपत्रांचा खरेखोटेपणा तपासण्याचा ना आम्हाला अधिकार, ना साधनं. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या परीक्षेला उमेदवाराच्या बापाचं नाव पडताळता येत नाही, आणि माझ्या घरात पलंग किती, हे मात्र एजन्सीच्या पोराला दारातून मान आत घालून बघायचंय!

आक्षेप घेतला की समोरून एक ठरलेलं उत्तर येतं. ज्याच्या आयुष्यात लपवण्यासारखं काही आहे त्याला कुणीही ब्लॅकमेल करू शकतं, म्हणून संस्थेला धोका. हा शहाणपणा जुना आहे. अमेरिकेत २७ एप्रिल १९५३ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कार्यकारी आदेश १०४५० काढला आणि सरकारी नोकरीला अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींच्या यादीत ‘लैंगिक विकृती’ घातली. शत्रू अशा माणसाला धमकावून गुपितं काढून घेईल, हे समर्थन. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यातला एक फ्रँक कॅमेनी, हार्वर्डमधून डॉक्टरेट केलेला खगोलशास्त्रज्ञ. लष्कराच्या नकाशा विभागातून १९५७ मध्ये त्याला काढलं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. सरकारनं त्याची औपचारिक माफी मागितली ती २००९ मध्ये.

त्या युक्तिवादातली मेख बघा. धमकी देणाऱ्याच्या हातात एकच हत्यार असतं: ‘तुझ्या साहेबाला सांगेन.’ साहेब म्हणाला, सांग की, मला काय त्याचं, तर हत्यार तिथेच बोथट. म्हणजे धमकीला धार लावतो तो साहेबच, आणि वर धोका म्हणून बोट दाखवतो ते माझ्याकडे.

सल्ले देणारेही दोन्ही बाजूंना आहेत. एक म्हणतात, चार भिंतींच्या आत काय ते करा, कोण विचारतंय? त्यांनी डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचं काय झालं ते सांगावं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारा हा माणूस, स्वतः मराठी कवी, आपल्या क्वार्टरमध्ये आपल्या मित्राबरोबर होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन लोक घरात घुसले. विद्यापीठानं निलंबित कुणाला केलं? घुसणाऱ्यांना अडवायचं सोडून सिरस यांना, गैरवर्तनाबद्दल. निवृत्तीला काही महिने उरले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयानं १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. मराठी साहित्याच्या वर्तुळानं या आपल्या माणसासाठी किती आवाज उठवला, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. त्यांच्यावर सिनेमा काढला तो हिंदीवाल्यांनी.

दुसरे म्हणतात, अहो, उघड सांगून टाका, मोकळे व्हा! त्यांच्यासाठी सौरभ कृपाल आहेत. नावाजलेले वकील, स्वतःबद्दल काहीही न लपवणारे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी त्यांचं नाव २०१७ मध्ये पहिल्यांदा पुढे आलं. १८ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं शिफारस पुन्हा केली आणि सरकारचे आक्षेप जाहीर केले. ‘रॉ’ या गुप्तचर संस्थेच्या पत्रांत दोन मुद्दे होते: जोडीदार स्विस नागरिक आहे, आणि कृपाल आपल्या लैंगिकतेबद्दल उघडपणे बोलतात. मोठमोठ्या घटनात्मक पदांवरच्या लोकांचे जोडीदार परदेशी होते, हे कॉलेजियमनं ऐकवलं. पण नेमणूक झाली नाही. लपवलं तर ब्लॅकमेलची भीती, सांगितलं तर सांगितलं म्हणून आक्षेप. मग उमेदवारानं नेमकं करायचं काय? जन्मच घेऊ नये?

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ च्या कचाट्यातून आम्ही सुटलो. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क नाकारला गेला, त्यामुळे फॉर्मवर मी ‘अविवाहित’ लिहितो ते शंभर टक्के खरं, आणि तरीही ते लिहिताना चोर मीच वाटतो. खासगी कंपनीनं माझ्या लैंगिक कलामुळे नोकरी नाकारली तर त्याला नाव घेऊन मज्जाव करणारा कायदा अजून नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर आणखी गमतीचा. त्याचं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती हाताळायची मुभा देतं. ‘मला मान्य आहे’ या चौकोनातली माझी टिकली निव्वळ शोभेची.

मी एचआरला विचारलं, कुणाला भेटणार, काय विचारणार, अहवाल मला दाखवणार का? गोड आवाजात उत्तर आलं, “सर, जस्ट फॉर्मॅलिटी असते.” याच संस्थेनं जूनमध्ये, प्राइड महिन्यात, आपल्या बोधचिन्हाला इंद्रधनुष्य फासलं होतं. जुलैत ते पुसलं, आणि एजन्सीची मुलं फिरायला लागली.

घरी आम्ही हिशेब मांडला. पाटी काढायची, भिंतीवरचा फोटो काढायचा, त्यानं काही दिवस त्याच्या बहिणीकडे जायचं, काकूंना मावसभावाचा पाठ पक्का करून द्यायचा. स्वतःच्या घरात चोरासारखी आवराआवर करून मग प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र घ्यायचं. मी नकार कळवला. त्यात शौर्य काही नाही. कर्जाचा हप्ता जुन्या पगारात भागतो, म्हणून परवडलं. ज्याला परवडत नाही तो पाटी काढेल, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

कंपन्यांकडून मला सुधारणेची आशा नाही. तुमच्याकडून आहे. उद्या तुमची बेल वाजेल, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा विचारेल, समोरचे कसे आहेत, घरात कोण कोण असतं, लोक येतात-जातात का? त्याला सांगा, “हो, इथेच राहतात.” आणि दार लावून घ्या.