खांदा दुखतो, मग साखर का तपासायची?



तीन वर्षांपूर्वी मी वर्गात तरफेचे नियम शिकवीत होतो. आकृती काढण्यासाठी फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे हात नेला, तर तो खांद्याच्या वर जाईचना. मी रोज बोरिवलीहून अंधेरीला लोकलने येतो. गर्दीत कडीला लोंबकळून खांदा ओढला गेला असेल, असे मी स्वतःच ठरवून टाकले. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि दोन महिने खाल्ल्या. दुखणे हटले नाही. अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खांदा तपासला आणि रक्तातील साखर तपासून आणावयास सांगितले! मी अंगाने किरकोळ. मला कसला मधुमेह? पण निघाला.

खांद्याचा आणि साखरेचा संबंध काय? आपण खाल्लेल्या अन्नापासून ऊर्जा मिळवणे, ती साठवणे आणि खर्च करणे, ह्या साऱ्या व्यवहाराला चयापचय म्हणतात. तो बिघडला की रक्तात साखर साचते आणि शरीरातील प्रथिनांना चिकटते. सांध्याभोवतीचे आवरण अशाने ताठर होते, असे मानले जाते. आखडलेला खांदा मधुमेही माणसांत इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. हीच साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन तळपायांची आग होते.

आता गुडघ्याकडे वळू. स्टेशनच्या पुलावर कठडा धरून एकेक पायरी चढणारी माणसे तुम्ही रोज पाहता. पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणेल, हा तर भाराचा प्रश्न! ते खरेही आहे. 2005 साली अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर मोजमापे झाली. वजन 1 किलो घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी घटतो, असे दिसले. म्हणजे 5 किलो घटले तर 20 किलो!

पण नुसत्या भाराने कोडे सुटत नाही. स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांतही संधिवात अधिक आढळतो, आणि बोटांवर तर कोणी चालत नाही! उत्तर असे की, मेद म्हणजे चरबीचे निर्जीव गाठोडे नव्हे. मेदपेशी रक्तात अनेक रसायने सोडतात. त्यांपैकी काही शरीरभर मंद दाह पेटता ठेवतात, आणि दाहामुळे वेदनेची वर्दी देणारे मज्जातंतू हळवे होतात.

'मी बारीक आहे, मला भीती नाही' असे म्हणण्याचीही सोय नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन ह्यांनी 2004 साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. पण शरीरातील मेद मोजला, तर युडकिन ह्यांचा 9.1 टक्के आणि याज्ञिक ह्यांचा 21.2 टक्के! वजनकाटा सारे सांगत नाही, हे मला माझ्या खांद्याने शिकविले.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. गणपतीच्या मंडपात ध्वनिक्षेपक एकाएकी किंचाळतो ना? कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि वाढतच जातो. कोणी बोलत नसले तरी किंकाळी खरीच असते. दीर्घकालीन वेदनेतही मज्जासंस्था असा आवाज चढवून ठेवते. म्हणून तपासणीत फारसे काही दिसले नाही, तरी दुखणाऱ्या माणसाला 'ढोंग करतोस' म्हणू नये.

माझे मत स्पष्ट आहे. 'वय झाले, दुखायचेच' असे म्हणून आजीला गप्प बसविणे चूक. डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने वेदनाशामक गोळ्या खाणेही चूक, कारण त्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. तसेच, सारी दुखणी खाण्यापिण्यानेच बरी होतात हा दावाही चूक. कशामुळे दुखते ते डॉक्टरांनीच पाहावे. मात्र त्या तपासात चयापचयाला जागा हवी. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघेदुखीच्या 454 वजनदार रुग्णांना 18 महिने पाहिले. नुसता आहार किंवा नुसता व्यायाम ह्यांपेक्षा दोन्ही एकत्र करणाऱ्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या.

तुम्ही काय कराल? संध्याकाळी आजोबांना झेपेल तेवढे फिरायला न्या. एका वहीत त्यांची झोप, चालणे आणि 0 ते 10 ह्या मापावर दुखणे रोज लिहा, आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. निरीक्षण आणि नोंद हीच तर विज्ञानाची सुरुवात!

आणि एक विनंती शाळांना. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत अधिक शोषून घेतात ते आपले स्नायू. ते घडतात मैदानावर. तेव्हा परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास विज्ञानाला देऊ नका. विज्ञानाचा शिक्षक म्हणूनच मी हे सांगतो आहे.

माझा हात आता फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. त्याला औषध, खांद्याचे व्यायाम, बेताचे जेवण आणि रोजचे चालणे, असे सारे मिळून दीड वर्ष लागले.