तोल जात्याचा
या आठवड्यात जळगावच्या मेहरूण तलावावर एक गृहस्थ घड्याळात पावलं मोजत झपाझप चालत होते आणि फोनवर कुणावर तरी तितक्याच जोरात ओरडत होते. पावलं भरली असतील, मनाचं काय? मला आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवल्या. जन्म १८८० चा, अक्षरओळख नाही, ऐन तरुणपणी वैधव्य. तरी जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना गाणं सुचत गेलं. हात, मन आणि माणसं यांचे त्यांनी कप्पे केले नाहीत. स्वास्थ्य म्हणतात ते हेच! तेव्हा मंडळी, चाला जरूर. पण या हिवाळ्यात मळ्यात भरीत-पार्टीही करा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना चार जिवाभावाची माणसं शेजारी असतील, तर फोन आपोआप खिशात राहतो.