चालणं, लिहिणं आणि एक छोटासा नेम

"डॉक्टर, सगळं पटतं हो, पण दिवसाचे तास शेवटी चोवीसच." हे वाक्य माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतं. बोलणारा माणूस आळशी नसतो. उलट त्याला बरंच काही करायचं असतं. सकाळी फिरायला जायचंय, रात्री चार ओळी लिहायच्यात, वजन सहा किलो उतरवायचंय, मोबाईल कमी करायचाय, राहिलेली कथा पूर्ण करायचीय. यातली एकही इच्छा वाईट नाही. पण सगळ्या एकाच दिवसात कोंबायला गेलं की माझ्यासमोर येऊन बसतो तो थकलेला, चिडचिडा, 150/96 बीपी असलेला माणूस.

आज औषधांविषयी लिहीत नाही. या ओढाताणीबद्दल गेल्या काही वर्षांत माझं एक मत तयार झालं आहे, ते तुमच्यापुढे ठेवतो. आपण समतोल दिवसाच्या मापाने मोजतो आणि तिथेच फसतो. समतोल आठवड्याचा मोजायचा असतो, कधीकधी ऋतूचा. आणि चालणं, लिहिणं, संकल्प ही तीन वेगळी कामं म्हणून यादीत घातली, तर तिन्ही बुडतात. एकाला एक बांधली तर टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

आधी चोरी कुठे होते ते बघू. वेळ कमी पडला की आपण तो नोकरीतून काढू शकत नाही, स्वयंपाकातून काढू शकत नाही. तो निघतो झोपेतून. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका कथा लिहितात. जुलै-ऑगस्ट म्हणजे दिवाळी अंकांना साहित्य पाठवण्याचे दिवस. (1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकांचा पावसाळा असाच जात असणार.) दिवसभर शाळा, रात्री अकरा ते दीड लेखन, पहाटे साडेपाचला उठून फिरणं. चालण्याचा नेम चुकवायचा नाही म्हणून त्या झोप चार तासांवर आणत होत्या. दोन महिन्यांनी बीपी वाढलेलं, शुगर वाढलेली, आणि त्यांची तक्रार अशी की "मी तर सगळं करतेय!" मी त्यांना सांगितलं, ज्या दिवशी दीडपर्यंत लिहिलंत त्या दिवशी पहाटेचं चालणं रद्द. झोपा. संध्याकाळी जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. त्यांना ते पटायला वेळ लागला. डॉक्टर चालू नका म्हणतो, हे त्यांच्या कानाला विचित्र वाटलं असावं.

पण माझं मत पक्कं आहे. प्रौढ माणसाला सात तास झोप हवी. ती कमी झाली की भूक वाढते, इन्सुलिनचं काम मंदावतं, बीपी चढतं. म्हणजे व्यायामाने जे मिळवायचं तेच अपुरी झोप काढून घेते. झोप हा तुमचा राखीव निधी नव्हे.

आता चालण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेलं माप आठवड्याचं आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल. मध्यम म्हणजे काय, तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असा वेग. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत, ती अट आता काढून टाकली आहे. तीन मिनिटांचा जिनासुद्धा जमा होतो. त्यामुळे मंगळवारी जमलं नाही म्हणून आठवडा वाया गेला असं मुळीच नाही.

आणि ते दहा हजार स्टेप्स! हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मोजमापक. नाव खपलं आणि आकडा जगभर झाला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय 72 होतं. रोज सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं आणि साधारण 7,500 नंतर फायदा आणखी वाढताना दिसला नाही. हा अभ्यास वयस्कर स्त्रियांचा आहे, पंचविशीतल्या मुलाने तो निमित्त म्हणून वापरू नये. पण रात्री साडेदहाला मनगटावरचा आकडा पूर्ण करायला हॉलमध्ये येरझारा घालणाऱ्या आजींना मी हेच सांगतो, की बस करा, झोपा आता.

आपल्याकडे शतपावली हा किती नेमका शब्द आहे बघा. जेवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं हळू चाललं की स्नायू रक्तातली साखर उचलतात. 2013 मध्ये ज्येष्ठांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात तीन जेवणांनंतर प्रत्येकी पंधरा मिनिटं चालणं हे सकाळी एकदम 45 मिनिटं चालण्याइतकंच उपयोगी पडलं आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर त्याने जास्त चांगली उतरली. ज्यांची शुगर काठावर आहे त्यांनी पहाट चुकली म्हणून हळहळू नये, ताटावरून उठून चपला घालाव्यात.

बाहेर चाला, एवढा मात्र माझा आग्रह आहे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्रीची झोप सुधारते. एक गैरसमज इथेच दूर करतो. पहाटे सहाच्या फिरण्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी लागणारे किरण ऊन डोक्यावर असताना, साधारण 11 ते 2 च्या दरम्यान पोचतात. आणि मोठ्या शहरात राहत असाल तर डिसेंबर-जानेवारीत अगदी पहाटे बाहेर पडू नका. थंड हवेखाली धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहते. ऊन वर आल्यावर निघा, विशेषतः दमा असेल तर.

आता लिहिण्याकडे येतो. तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचा आणि कवितेचा काय संबंध? आहे. चालणं आणि सुचणं यांचं नातं लेखकांना पूर्वीपासून ठाऊक होतं. 2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ते मोजून पाहिलं. लोकांना एखाद्या साध्या वस्तूचे जमतील तितके वेगळे उपयोग सांगायला लावले. बसून सांगण्यापेक्षा चालताना सांगितलेल्या कल्पना सरासरी 60 टक्के जास्त भरल्या. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालूनही परिणाम दिसला आणि चालून झाल्यावर खाली बसलेल्यांतही तो थोडा वेळ टिकला. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या कामाला चालण्याने मदत झाली नाही. म्हणजे हिशेब टेबलावर, कथा रस्त्यावर!

आपल्याकडे याचं सर्वात मोठं उदाहरण बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर बसताना गाणी सुचत गेली आणि घरच्यांनी ती कागदावर उतरवली. श्रम एका वेळी आणि सृजन दुसऱ्या वेळी, अशी वाटणी त्यांच्या दिवसात नव्हतीच. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत रान फिरले आणि त्यातूनच त्यांची पुस्तकं आली. आपण मोठे लेखक नसू, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळेत बसतात एवढं त्यांच्याकडून नक्की घेता येतं.

त्यासाठी अट एकच. कानातलं यंत्र काढा. चालताना ऑफिसचे कॉल घेणारी मंडळी मला बागेत रोज दिसतात. पाय चालतात, पण डोकं मीटिंगमध्येच बसलेलं असतं. हृदयाला व्यायाम मिळतो हे खरं, मनाला सुट्टी मिळत नाही. निदान अर्धा वेळ तरी काही ऐकू नका. बहावा फुलला का, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने आज दुकान का उघडलं नाही, एवढं बघा. घरी आलात की चहा उकळेपर्यंत तीन ओळी लिहा. झालं तुमचं लेखन.

मनातलं लिहिण्याचा आरोग्यावर परिणाम होतो का, याचा अभ्यास जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वात त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या ते डॉक्टरकडे कमी वेळा गेले. नंतर असे बरेच प्रयोग झाले. सगळं मिळून परिणाम छोटा आहे आणि प्रत्येकाला होतोच असं नाही. म्हणून बीपीची गोळी बंद करून डायरी धरू नका. आणि दुःख ताजं असेल, जवळचं कुणी नुकतंच गेलं असेल, तर बळेच ते उकरून लिहू नका. लिहिताना जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर वही मिटवा आणि माणसाशी बोला. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे.

जे गंभीरपणे लिहितात त्यांना एक वेगळी सूचना. लिहिणं म्हणजे बसणं. आठ तास ऑफिसात बसून पुन्हा दोन तास लॅपटॉपपुढे वाकलात तर मान, कंबर आणि डोळे तुमच्या साहित्यसेवेची फी वसूल करणारच. अर्ध्या तासाने उठा. पुढचा परिच्छेद अडला असेल तर तेच उठण्याचं निमित्त करा.

राहिला संकल्प. 1 जानेवारीचे संकल्प का मोडतात? ते मोठे असतात, मोघम असतात आणि त्यांना शेवट नसतो. "यंदा तब्येतीकडे लक्ष देणार." कधी, कुठे, किती? आपल्या आज्या चातुर्मासात जे नेम धरायच्या ते मला या बाबतीत फार शहाणपणाचे वाटतात. त्यामागची श्रद्धा ज्याची त्याची, मी रचनेबद्दल बोलतोय. नेम छोटा असायचा. वेळ ठरलेली असायची: दिवेलागणीला, जेवणाआधी. मुदत ठरलेली असायची, आषाढी ते कार्तिकी एकादशी. आणि शेवटी उद्यापन! मग पुढच्या वर्षी नवा नेम. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये जवळपास हेच मांडलं: 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा शब्दांत ठरवलेली गोष्ट नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा हातून घडते.

तेव्हा असं ठरवा: रात्रीचं जेवण झालं, भांडी सिंकमध्ये ठेवली, की मी सोसायटीला तीन फेऱ्या मारीन आणि परत आल्यावर वहीत तीन ओळी लिहीन. मुदत दिवाळीपर्यंत. एका वेळी एकच नेम. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. पण कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला आठ महिन्यांहून जास्त लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. 21 दिवसांत सवय लागते हे ऐकून बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

घरातल्या बायकांसाठी मात्र हे सगळं अजून अवघड आहे, हे मी नाकारत नाही. "जेवणानंतर चाला" म्हणणं सोपं, तेव्हाच ओटा आवरायचा असतो, दूध तापवायचं असतं. अशा वेळी नेम त्यांनी धरायचा नसून घरातल्या इतरांनी धरायचा आहे: रात्रीचा ओटा आम्ही आवरू. माझ्या अनुभवात या एका बदलाने उतरलेली शुगर मी पाहिली आहे.

सुरू करण्याआधी कुणी विचारायला यावं? चालताना छातीत दाब येतो, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाते, थोड्याशा चढाला धाप लागते, अशांनी आधी तपासून घ्यावं. इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर खिशात साखरेची पुडी ठेवा. मधुमेह जुना असेल तर अनवाणी चालू नका, हिरवळीवरसुद्धा नाही. पायाला संवेदना कमी असली की काटा रुतलेला कळत नाही.

तुमच्यापैकी अनेकांकडे शुगर किंवा बीपी लिहायची वही असते. त्यात आकड्याशेजारी त्या दिवसाची एक ओळ लिहीत जा. माझ्या एका रुग्णाच्या वहीत मी वाचलं: "212. पुतण्याचं लग्न, दोन जिलब्या, झोप नाही." आणि चार दिवसांनी: "131. पाऊस थांबला, तळ्यापर्यंत गेलो, खंड्या दिसला." नुसत्या 212 वरून मी कदाचित गोळी वाढवली असती. ती ओळ वाचल्यावर वाढवली नाही. पुढच्या तपासणीला येताना अशी वही आणाल तर मी ती वाचीन, बाहेर चार रुग्ण थांबलेले असले तरी.