पहारेकऱ्याची पारख

गेल्या महिन्यांत आमच्यावर एक अनपेक्षित कामगिरी येऊन पडली. आमचे एक स्नेही एका सहकारी पतसंस्थेचे अध्यक्ष आहेत. संस्थेस माहिती-सुरक्षेसाठीं एक अधिकारी नेमावयाचा होता. मुलाखती घेण्यास एक तज्ज्ञ गृहस्थ येणार होते. तिसरे म्हणून अध्यक्षांनीं आम्हांस बसविलें. "आम्हांस यांतलें काय कळतें?" असें विचारतांच ते म्हणाले, "संगणक तज्ज्ञ पाहतील. तुम्ही माणूस पाहा."

पूर्वीं पेढीचा पहारेकरी निवडणें सोपें होतें. अंगानें धडधाकट, जागरणास तयार आणि चार माणसांच्या ओळखीचा असला कीं झालें. आतां पैसा तिजोरींत थोडा आणि संगणकांतील आंकड्यांत फार असतो. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्यें दोन-तीन दिवसांत तिचे सुमारें ९४ कोटि रुपये चोरट्यांनीं लांबविले. २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं रकमा काढल्या गेल्या. कोणत्याहि शाखेचें कुलूप मात्र कोणी फोडलें नाहीं. अशा चोरीवर पहारा करणाऱ्याची पारख करावी कशी?

पहिले उमेदवार प्रशस्तिपत्रांची जाड फाईल घेऊन आले. तज्ज्ञांनीं विचारलें, "खातेदारांचे पासवर्ड तुम्ही कसे जपून ठेवाल?" ते म्हणाले, "एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद." "मग त्या कुलपाची किल्ली कोणाजवळ?" येथें गृहस्थ अडखळले, परंतु "मला ठाऊक नाहीं" हे तीन शब्द कांहीं त्यांच्या ओठांवर आले नाहींत. उलट पांच मिनिटें इंग्रजी संज्ञांचा पाऊस पडला.

ते गेल्यावर तज्ज्ञांनीं आम्हांस खुलासा केला. मूळ पासवर्ड संस्थेनें ठेवावयाचाच नसतो. त्याचें असें रूपांतर ठेवावयाचें, कीं ज्यापासून मूळ शब्द उलट काढतां येऊं नये. शिवाय रूपांतरापूर्वीं प्रत्येकाच्या पासवर्डांत एक निराळा अंश मिसळतात. त्यास या धंद्यांत 'सॉल्ट', म्हणजे चक्क मीठ म्हणतात. त्यामुळें दोघांनीं योगायोगानें एकच शब्द निवडला तरी त्यांचीं रूपांतरें वेगळीं दिसतात. आमच्या वाचकभगिनींस हें मीठ लक्षांत ठेवणें जड जाऊं नये.

दुसरा उमेदवार तरुण, चुणचुणीत. पासवर्डाचें उत्तर त्यानें अचूक दिलें. मग तज्ज्ञ म्हणाले, "रात्रीं नऊ वाजतां अध्यक्षांचा फोन आला. आवाज त्यांचाच. म्हणतात, 'मी परगांवीं अडकलों आहें, माझा पासवर्ड आतांच्या आतां बदलून द्या.' तुम्ही काय कराल?" तरुण अध्यक्षांकडे पाहून म्हणाला, "साहेबांचें काम अडवून कसें चालेल? लगेच करून देईन." अध्यक्ष प्रसन्न झाले, तज्ज्ञांनीं कागदावर फुली मारली. हल्लीं यंत्राच्या साहाय्यानें वाटेल त्याचा आवाज हुबेहूब काढतां येतो, हें त्या तरुणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. समोर अध्यक्ष बसले होते, म्हणून तो विसरला.

तिसऱ्या उमेदवार सांगलीकडील एक बाई होत्या. हाच प्रश्न त्यांस केला. त्या अध्यक्षांस म्हणाल्या, "मी फोन ठेवीन, आणि संस्थेच्या नोंदींत आपला जो क्रमांक आहे त्यावर मीच उलट फोन करीन. साहेब कदाचित् रागावतील. पण तेवढा राग सोसण्याचाच तर पगार आहे."

शेवटीं आम्हीं आमचा एकच प्रश्न विचारला. तो आम्हीं तिघांसहि केला होता: "तुमच्या हातून या कामांत झालेली एकादी चूक सांगा." पहिले म्हणाले, अशी चूक झालेलीच नाहीं. दुसऱ्याच्या मतें कामाचा अति ध्यास हीच त्याची चूक. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनीं सांगितलें कीं, मागच्या नोकरींत ग्राहकांच्या नांवांची एक यादी त्यांच्या हातून दोन दिवस इंटरनेटवर उघडी राहिली होती. कोणाच्याहि लक्षांत आलें नव्हतें. त्यांनीं स्वतः वरिष्ठांस कळविलें, आणि त्या वर्षींची पगारवाढ गमावली.

बाई बाहेर गेल्या आणि आमच्यांत वाद झाला. "जिनें एकदां दार उघडें टाकलें, तिच्याच हातीं किल्ल्या?" असा अध्यक्षांचा प्रश्न. तज्ज्ञ म्हणाले, "दार सर्वांच्याच हातून केव्हांतरी उघडें राहतें. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेच्या २०२२ सालच्या आदेशाप्रमाणें असा प्रकार लक्षांत आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. जो सांगणारच नाहीं, त्याचे सहा तास सुरू तरी केव्हां होणार?"

अध्यक्ष व्युत्पन्न आहेत. त्यांनीं कौटिल्याचा आधार काढला: अमात्यांची धर्म, अर्थ, काम आणि भय या चार उपधांनीं, म्हणजे गुप्त कसोट्यांनीं, परीक्षा घ्यावी, आपणहि बाईंस कांहीं आमिष दाखवून पाहावें. आम्हीं त्यांस त्याच अध्यायाच्या शेवटाची आठवण दिली. जो बिघडलेला नाहीं त्यास बिघडवूं नये, पाण्यांत विष कालविल्यासारखें तें होईल, आणि एकदां बिघडलेल्यास कदाचित् औषधहि सांपडणार नाहीं, असें तेथें कौटिल्यच बजावतो. अखेर एकाविरुद्ध दोन मतांनीं बाईंची नेमणूक ठरली.

आमचें मत इतकें ठाम कां होतें, तें येथें सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या काकूंस 'आज रात्रीं वीज तोडण्यांत येईल' असा संदेश आला. त्यांनीं घाबरून त्यांतील दुव्यावर बोट ठेवलें, विचारलेले आंकडे दिले, आणि खात्यांतून चाळीस हजार रुपये गेले. १९३० या क्रमांकावर तात्काळ कळविलें असतें, तर रक्कम चोरांच्या हातीं पडण्यापूर्वीं मध्येंच थांबविण्याची आशा होती. काकूंनीं सांगितलें तें तिसऱ्या दिवशीं. कारण आदल्याच आठवड्यांत, फोन उलटा कानाला लावला म्हणून, आम्हीं सारे त्यांस हंसलों होतों. पैसे चोरानें नेले. परंतु ते तीन दिवस आमच्या हंसण्यानें नेले.

त्या मुलाखतीनंतर आम्हीं घरांत दोन गोष्टी केल्या. देवघराशेजारच्या भिंतीवर १९३० हा आंकडा मोठ्या अक्षरांत लिहिला. आणि असा नियम केला कीं, कोणी चूक सांगितली तर आधीं फोन करावयाचा, 'कसें काय केलेंस?' हें त्यानंतर विचारावयाचें. लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांस तो सारखाच लागू आहे.

गेल्या रविवारीं पंगत बसली असतां काकू आंतून हाक मारीत आल्या, "अरे, माझ्या हातून कांहींतरी दाबलें गेलें बघ!" आम्ही भरल्या ताटावरून उठलों. तें सांदणांच्या कृतीचें पान निघालें. कोणीहि हंसलें नाहीं. निदान काकूंच्या समोर तरी नाहीं.