जबड्याची शस्त्रक्रिया व आपलें कर्तव्य

दुखणें हत्तीच्या पायानें येतें व मुंगीच्या पायानें जातें, असें आपले वडील लोक म्हणत आले आहेत. या म्हणीचा पूर्वार्ध सर्वांच्या ध्यानांत राहतो. उत्तरार्धाचा मात्र विसर पडतो. रोगी शस्त्रक्रियागृहांतून सुखरूप बाहेर आला, म्हणजे कार्य झालें असें समजून आप्तेष्ट आपापल्या घरीं जातात. आणि मुंगीच्या पावलांची वाटचाल जेथून सुरू होते, तेथेंच रोगी एकटा पडतो. ज्या एका शस्त्रक्रियेच्या बाबतींत हा विसर फार महागांत पडतो, तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती शस्त्रक्रिया म्हणजे वेडावांकडा वाढलेला जबडा सरळ करण्याची.

कित्येक मुलांचा खालचा जबडा प्रमाणाबाहेर पुढें वाढतो, कित्येकांचा मागें राहतो. कोणाचा चेहरा एका बाजूस झुकतो, तर कोणाचे पुढचे दांत कितीहि मिटले तरी एकमेकांस भेटत नाहींत. अशा मुलास आमच्या बेंबळीकडील ज्वारीच्या भाकरीचा तुकडा दांतांनीं तोडतां येत नाहीं, घांस नीट चावतां येत नाहीं, कांहीं अक्षरें स्पष्ट उच्चारतां येत नाहींत. यावर खेड्यापाड्यांत दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, देवानें दिलेला चेहरा बदलण्याची ही हौस कशाला? दुसरें म्हणतें, मुलीचें लग्न जमावयाचें आहे, तेव्हां काय तें लवकर उरकून टाका. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. मोडलेला हात सांधणें ही जशी हौस नव्हे, तसें चावतां न येणारा जबडा जागेवर आणणें हीहि हौस नव्हे. आणि लग्नाच्या घाईनें तर हें काम मुळींच करूं नये. हाडांची वाढ पुरी होण्यापूर्वीं जबडा सरळ केला, तर वाढीबरोबर तो पुन्हां वांकडा होण्याचें भय असतें. ही वाढ मुलींची बहुधा १५-१६ व्या वर्षाच्या सुमारास, व मुलांची १८ व्या वर्षाच्या पुढेंमागें पुरी होते. त्यांतहि शस्त्रक्रियेपूर्वीं वर्ष-दीड वर्ष व नंतर कांहीं महिने दांतांस तारा बसवून ठेवाव्या लागतात. ज्यास मुहूर्त गांठावयाचा आहे, त्यानें या वाटेस जाऊं नये हें बरें.

चेहऱ्याची दुरुस्ती ही कांहीं आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवावा व त्यास पंचांगी नांवाचा बंध बांधावा, असा विधि सुश्रुतसंहितेंत सांगितला आहे. १७९२ सालच्या टिपूवरील युद्धांत इंग्रजी फौजेचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका कुशल कारागिरानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापली गेली. तींत नाक कसें केलें एवढेंच सांगितलेलें नाहीं; रोग्यास पुढें पांचसहा दिवस उताणें निजवीत, व दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत, हेंहि नोंदलेलें आहे. विटा करणाऱ्या त्या कारागिरास जें कळलें होतें, तें आम्हां सुशिक्षितांस कळूं नये काय?

प्रत्यक्ष जबड्याचें हाड कापून तो सरकविण्याचा प्रयत्न १८४९ सालीं अमेरिकेंत हलिहेन या शल्यवैद्यानें प्रसिद्ध केला. त्यानंतर शंभर वर्षांनीं, १९५० नंतरच्या दशकांत, ह्यूगो ओबवेगेसर यांनीं तोंडाच्या आंतूनच खालचा जबडा उभा चिरून मागेंपुढें करण्याची रीत बसविली. तिच्यामुळें चेहऱ्यावर सहसा व्रण दिसत नाहीं. पूर्वीं वरचा व खालचा जबडा तारेनें सुमारें सहा आठवडे बांधून ठेवीत. आतां टिटॅनियम धातूच्या बारीक पट्ट्या व स्क्रू यांनीं हाड जागच्या जागीं घट्ट करितात, व दांतांवर बहुधा रबरी कड्या तेवढ्या लावितात. परंतु धातु बदलला तरी निसर्गाची चाल बदललेली नाहीं. हाड सांधण्यास आजहि सहा ते आठ आठवडे लागतातच.

या सहा आठवड्यांचा क्रम पालकांनीं आधींच जाणून घ्यावा. पहिले दोनतीन दिवस सूज वाढत जाते. आपलें लेंकरूं ओळखूं येईनासें झालें म्हणून मातेनें हंबरडा फोडूं नये. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरूं लागते, दोनतीन आठवड्यांत पुष्कळशी जाते, व उरलीसुरली पूर्ण जाण्यास कांहीं महिने लागतात. निजतांना डोकें उशांवर उंच ठेवावें. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक जोरानें शिंकरूं नये. लहान मुलांच्या मऊ ब्रशानें दांत हलक्या हातानें स्वच्छ करावे, व मिठाच्या कोमट पाण्यानें चुळा भराव्या. खालचा ओंठ व हनुवटी बधिर होते. ही बधिरता बहुधा महिन्यांनीं ओसरते, कोणाची वर्षभर राहते, आणि थोडक्यांची कायमचीहि राहते. हें सत्य शस्त्रक्रियेपूर्वींच विचारून घ्यावें. मागाहून कळलें तर तेंच वैराचें कारण होतें. रक्तस्राव थांबेना, श्वास घेण्यास त्रास झाला, अथवा ताप चढला, तर घरगुती उपाय न करितां तात्काळ रुग्णालय गांठावें.

मोठी अडचण अन्नाची. प्रारंभीं कित्येक दिवस केवळ पातळ पदार्थ, व पुढें सहाव्या आठवड्यापर्यंत न चावतां गिळतां येईल असें मऊ अन्न, हा सामान्य नियम आहे. यासाठीं शहरांतील महागडे डबेच आणावे लागतात, असें मुळींच नाहीं. ज्वारीची पातळ आंबील, गाळलेलें हुलग्याचें माडगें, दाट वरणाचें पाणी, दूध, ताक हें सर्व आपल्या चुलीवरचेंच आहे. मात्र पोट लवकर भरतें व भूक लवकर लागते, म्हणून दिवसांतून सहासात वेळां थोडें थोडें द्यावें लागतें. हें काम कोणाचें? बहुतेक घरीं तें एकट्या आईच्या गळ्यांत पडतें. शेतांतून आल्यावर ती दळते, शिजविते, गाळते. आणि घरांतील पुरुषमंडळी ‘पोरगें अजून भाकरी कां खात नाहीं?’ एवढेंच विचारतात. आमचें म्हणणें असें कीं, हा भार घरांतील सर्वांनीं वांटून घ्यावा. गाळणें धरावयास विद्या लागत नाहीं.

दुसरी अडचण मनाची. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुष्कळ रोगी खिन्न होतात. सूज असते, झोंप नसते, बोलतां येत नाहीं, आणि आरशांतील चेहरा ना जुना ना नवा. नेमक्या याच वेळीं समाचाराला येणारी मंडळी उंबऱ्यांतूनच म्हणतात, ‘अगबाई, पूर्वीं बरें दिसत होतें!’ समाचाराची चाल चांगली आहे. परंतु ज्यास उत्तर देतां येत नाहीं, त्यास प्रश्न विचारणें हा समाचार नव्हे. अशा रोग्याजवळ पाटी वा वही ठेवावी, थोडा वेळ बसावें, आणि चेहऱ्याविषयीं अवाक्षरहि न काढतां उठावें.

येथें आम्हांस डॉ. शरदकुमार दीक्षित यांचें स्मरण होतें. हे मराठी शल्यवैद्य अमेरिकेंत स्थायिक झाले. तरी १९६८ पासून दरवर्षीं भारतांत येऊन फाटलेल्या ओंठांच्या हजारों मुलांवर त्यांनीं विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या. मोटार अपघातानें अंग लुळें पडलें, कर्करोगामुळें स्वरयंत्र गेलें, तरी त्यांनीं हें काम सोडलें नाहीं. २०११ सालीं ते वारले. ज्यांची टाळू जन्मतः फाटलेली असते, अशा मुलांपैकीं कित्येकांचा वरचा जबडा पुढें मागें राहतो व त्यांस मोठेपणीं याच शस्त्रक्रियेची गरज पडते. ज्यास स्वतःचा आवाज उरला नव्हता, त्यानें इतरांच्या ओंठांवर हंसूं आणलें. मग आपणांस दोन डोळे मिटून घेणें व जीभ आवरणें एवढेंहि साधूं नये काय?

पालकांस आणखी एक सूचना. मूल हनुवटीवर आपटलें व पुढें त्याचें तोंड पुरतें उघडेनासें झालें, तर ‘होईल आपोआप’ म्हणून थांबूं नये. सांधा आंखडून जबड्याची वाढच खुंटते. छत्रपती संभाजीनगर, मुंबई व नागपूर येथें सरकारी दंत महाविद्यालयें आहेत. तेथें लवकर दाखवावें. खर्चास सरकारी योजनेचा आधार मिळेल कीं नाहीं, हें रुग्णालयांतील आरोग्यमित्रास आधींच विचारावें.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, शेवटचें मागणें तुमच्याकडे आहे. दोनतीन आठवड्यांनीं असा एखादा सोबती वर्गांत परत येईल. त्याचे शब्द बोबडे असतील, हंसणें अपुरें असेल. डॉक्टर सांगेपर्यंत त्यास कबड्डीच्या पटांगणावर ओढूं नका; चुकलेले धडे उतरून द्या; आणि जुन्या जबड्यावरून तुम्हीं त्यास जें नांव ठेविलें असेल, तें आजच विसरून जा. शल्यवैद्य हाड सरकवितो, निसर्ग तें सांधतो. परंतु तो मुलगा पुन्हां मान वर करून बोलूं लागेल कीं नाहीं, हें घर व शाळा ठरवीत असते. त्या सहा आठवड्यांत आपण कसे वागतों, यावरूनच आपल्या शिक्षणाची किंमत व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.